शंभरापैकी

शिरोलीला आमच्या कंपनीत भिंतीवर एक तक्ता आहे.
मीच लावलाय, चार स्क्रू मारून.
टोल्यूइन: हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग,
आठ तासांची सरासरी.
खाली बारीक अक्षरांत डोळे, घसा, डोकेदुखी, गुंगी.
तक्त्याच्या वर पंखा, पंख्याला मोटर,
मोटरीला दर सोमवारी तेल.

सुभाषनगरात आमच्या खोलीत
सोल्यूशनचा पिवळा डबा, झाकण अर्धं उघडं.
पुरतं लावलं तर चिकटून बसतं,
मग रापीनं उचकटा.
अण्णा तळावर ब्रश फिरवतात, आई पट्टे जुळवते,
बोटाच्या पाठीनं चाचपून सांगते,
"आलं. बसवा आता."
खिडकी बंद. वारं आलं तर सोल्यूशन आधीच वाळतं,
धूळ बसते, जोड सुटतो,
आणि व्यापारी सबंध गठ्ठा परत पाठवतो.

आजोबा खळ लावायचे, वर वादीची शिवण.
दोन दिवसांत एक जोड.
त्या खोलीला बाभळीच्या सालीचा, हिरड्याचा वास होता म्हणे.
"म्हणे", कारण मी शिंकतच जन्मले.

मागच्या महिन्यात कंपनीतनं एक बिल्ला आणला,
रुपयाएवढा, आत कोळशाची चकती.
अण्णांच्या कॉलरला लावला.
"ह्यो काय, इलेक्शनचा?"
"हवा मोजतोय."
"हवा? फुकटची हाय की."
सकाळी सहाला लावला, काढायचा होता दोनला.
पण दोनला कुठं काम संपतं?
हुपरीच्या जत्रेची ऑर्डर होती.
रात्री अकरापर्यंत बसले, बिल्ला लावूनच.
मग तिथंच, डब्यापासून दोन हातांवर,
अंथरूण.
माझ्या फॉर्मवर "कामाचे तास" असा रकाना होता.
"झोपेचे" असा नव्हता.
माळ्यावर चपलांच्या पोत्यांमागं
दादाचा पोरगा समर्थ झोपतो, वय चार.
त्याचा तर फॉर्मच नाही.

आठ दिवसांनी लॅबचा फोन आला.
जेवताना सांगितलं,
"अण्णा, एकशे ब्याऐंशी."
"कितीपैकी?"
"शंभर."
भाकरीचा घास हातात धरून ते हसले,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले,
किंवा पाणी आधीपासूनच होतं.
"शंभरापैकी एकशे ब्याऐंशी!
बाई, तू दहावीला एवढं आणलं न्हाईस."
आईनं मान खाली घातली.
तिला महिना झाला, आमटी खारट का अळणी कळत नाही,
मी चाखून सांगते.

पगार झाल्यावर पंखा आणला, बाहेर फेकणारा.
दादानं भिंत फोडली, विटेचा चुरा तीन दिवस चपलांवर.
झाकणाला खाच पाडली, फक्त ब्रश जाईल एवढी.
पहिल्या दिवशी अण्णा म्हणाले,
"कान मोकळं झाल्यागत वाटतंय."
नाक म्हणायचं असेल त्यांना.

चौथ्या दिवशी समोरच्या शेवंताक्का दारात.
मधे बोळ, अडीच हाताचा.
"पोरी, तू शिकलेली. तूच सांग,
तुमचा वास माझ्या भाजीत कशाला?"
मी तोंड उघडलं, पातळ होणं, प्रमाण, पसरणं,
सगळे शब्द आले आणि गेले.
तिच्या पदराला मेथीचा वास होता,
आणि त्याच्या वरनं आमचा.

आता बारा ते एक पंखा बंद असतो.
शेवंताक्का फोडणी देतात, जेवतात,
भांडी वाजली की अण्णा बटण दाबतात.
त्या तासात कुणी डबा उघडत नाही.
आई उंबऱ्यात येऊन बसते,
गोंडे वळत.
हे कुठल्या तक्त्यावर नाही.

वर चिमणी लावायची, छपराच्याही वर जाईल अशी.
पत्र्यावाल्यानं सांगितलेत साडेसहा हजार.
बिल्ला अजून माझ्या पर्समध्ये आहे,
दुसरा, न वापरलेला.
माळ्यावर लावू का, हे ठरवत नाही मी.
लावला तर आकडा येईल.